बुलिंगवरच्या जपानी कादंबऱ्या मुलांसोबत वाचायच्या असतील तर

आपल्याकडे गोष्ट संपली की लगेच तात्पर्य विचारतात. पहिली-दुसरीपासूनची सवय आहे ती, आणि तीच सवय घेऊन तुम्ही शाळेतल्या छळावरच्या आजच्या जपानी कादंबऱ्या उघडल्यात तर पन्नास पानांतच अडकाल, कारण त्रास देणारा मुलगा शेवटी पकडला जातो, रडून माफी मागतो आणि सगळं गोड होतं असं तिथे सहसा होत नाही. बरेचदा त्याला शिक्षाच होत नाही. कधी कधी तर तो असं काही बोलून जातो की मोठ्या माणसालाही पटकन उत्तर सुचत नाही, आणि मला विचाराल तर ते उत्तर न सुचणं हाच या पुस्तकांचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांचा वाचनगट आहे, रविवारी सकाळी बसतो, आणि महिन्यातून एकदा पालकांचा वेगळा. पुस्तकं इंग्रजी भाषांतरातून वाचतो, बोलतो मराठीत. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथे लिहितेय, कुणाला आपल्या गटात, शाळेत किंवा घरी वापरायची असेल तर वापरा.

सुरुवात सिनेमाने करा

पहिल्याच रविवारी कादंबरी हातात देऊ नका. 'अ सायलेंट व्हॉइस' दाखवा. योशितोकी ओइमांची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक आहे, 2013 ते 2014 मध्ये आली, 7 खंड, आणि तिच्यावर क्योतो ॲनिमेशनने 2016 मध्ये सिनेमा केला, दिग्दर्शन नाओको यामादांचं. निम्म्या मुलांनी तो आधीच बघितलेला असतो, त्यामुळे 'काकू तुम्हालापण ॲनिमे आवडतं?' इथून गप्पा सुरू होतात आणि अर्धं काम तिथेच होतं. फक्त एक करा, त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे हे मुलांना आणि पालकांना आधी सांगा, लपवू नका, आणि कुणाला बसायचं नसेल तर कारण विचारू नका.

त्यानंतर मिझुकी त्सुजिमुरांची 'लोनली कॅसल इन द मिरर', ती आठवीतली मुलंसुद्धा आरामात वाचतात. मग नववीच्या पुढच्यांसाठी मिएको कावाकामींची 'हेवन'. ती छोटी आहे म्हणून फसू नका, मारहाण अगदी जवळून येते आणि शेवटाकडचा पावसातला बागेतला प्रसंग फार जड आहे, तुम्ही स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय मुलांना देऊ नका. कानाए मिनातोंची 'कन्फेशन्स' आम्ही दहावी झालेल्यांसाठी आणि पालकांसाठीच ठेवली.

तिथल्या शाळेची थोडी माहिती आधी द्या, पाच-दहा मिनिटं पुरे. वर्ग दिवसभर तोच, दुपारचं जेवण आणि दूध बरेच ठिकाणी वर्गातच, वर्गाची साफसफाईसुद्धा मुलंच करतात, म्हणजे जे तीस-पस्तीस जण सकाळी भेटले त्यांच्यापासून दिवसभर सुटका नाही. आपल्याकडेही एकदा 'ब' तुकडीत पडलं की वर्षभर तेच चेहरे, त्यामुळे मुलांना हे लगेच कळतं.

अजून दोन गोष्टी सांगते, त्या पुढे उपयोगाला येतात. समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी 1980 च्या दशकात वर्गातल्या छळाची चार थरांत मांडणी केली: ज्याला त्रास होतो तो, त्रास देणारे, भोवती उभे राहून हसणारे, आणि मान खाली घालून काही दिसलंच नाही असं करणारे. दुसरी म्हणजे 2011 मध्ये शिगा प्रांतातल्या ओत्सु शहरात 13 वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली, शाळेने आणि शिक्षण मंडळाने ते प्रकरण ज्या पद्धतीने हाताळलं त्यावर देशभर संताप झाला आणि 2013 मध्ये बुलिंग रोखण्याचा कायदा आला. त्या कायद्यात बुलिंग कशाला म्हणायचं हे ज्याला ते सोसावं लागतं त्याला शारीरिक किंवा मानसिक यातना होतात का यावर ठरतं, ऑनलाइन त्रासही त्यात धरलाय. मस्करी होती की नव्हती हे मस्करी करणाऱ्याने ठरवायचं नाही. एवढं मुलांना सांगा, आणि मग बघा वर्गातला कोण अस्वस्थ होतो ते, पण बघितलंत असं दाखवू नका.

पहिल्या वेळी 'का' विचारायचं नाही

ही आमची सगळ्यात पक्की अट आहे. पहिल्या बैठकीत फक्त काय घडलं, कुणी बघितलं, कोण कुठे उभं होतं एवढंच बोलायचं. 'त्याने असं का केलं' हा प्रश्न आला की मुलं पाच मिनिटांत घरची परिस्थिती, वडील नाहीत, लक्ष वेधून घ्यायचं होतं असं सगळं सांगून मोकळी होतात आणि विषय संपतो. कारण सापडलं की आपल्याला वाटतं प्रश्न सुटला.

सायलेंट व्हॉइसमध्ये सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही ऐकू न येणारी मुलगी येते, शोया इशिदा तिचे श्रवणयंत्र ओरबाडतो, फेकतो, तिची वही तळ्यात टाकतो. मग एक दिवस मुख्याध्यापक वर्गात येतात, यंत्रं हरवल्याचं विचारतात, आणि आधी इतके दिवस वर्गात हे चालू असताना ज्याने ते मनावर घेतलं नव्हतं तोच वर्गशिक्षक इशिदाच्या अंगावर ओरडतो, उभा राहा म्हणून. इशिदा म्हणतो मी एकटा नव्हतो. आणि सगळा वर्ग हात झटकतो.

इथे सिनेमा थांबवा. मोठा कागद, चार्ट पेपर चालेल, जमिनीवर पसरा आणि मुलांना तो वर्ग काढायला सांगा: बाकं, फळा, दार, आणि प्रत्येक पात्राचं नाव जिथे तो बसलाय तिथे. कावाई कुठे, उएनो कुठे, शिमादा कुठे. मग तीन रंगांची स्केचपेन द्या, हात लावला त्याला लाल, हसला त्याला नारिंगी, बघत बसला त्याला निळा. आमच्याकडे हे केलं तेव्हा कागद बघता बघता निळा झाला आणि सगळ्यात मोठा वाद झाला तो शिक्षकाच्या रंगावर. नववीतली एक मुलगी लाल पेन घेऊन टेबलापर्यंत गेली, थांबली, मागे आली, मग निळं घेऊन गेली, आणि शेवटी म्हणाली, काकू, सरांना चौथा रंग पाहिजे, कारण बाकीच्यांना भीती होती पुढचा नंबर आपला लागेल म्हणून, सरांना कसली भीती होती? आम्ही तो रंग काय असावा यावर पाऊण तास बोललो. काळा द्यायचा नाही यावर मात्र एकमत झालं, का ते कुणाला नीट सांगता आलं नाही, मीही ओढून काढलं नाही.

सहारा नावाच्या मुलीवर मुद्दाम थांबा. ती एकटीच साइन लँग्वेज शिकायला तयार होते, त्यावरून तिलाच टोमणे सुरू होतात आणि ती शाळेत यायचीच बंद होते. आपण मुलांना सारखं सांगतो की आवाज उठवा, मित्राच्या बाजूने उभे राहा. सहाराला त्याची काय किंमत पडली ते बघितल्यावर विचारा की ज्याला ती किंमत परवडत नाही तो वाईट आहे का. उत्तरं ऐका, स्वतःचं सांगू नका. आणि पुढचा प्रश्न हा की उघड भांडण न करता काय करता येतं: बाजूला जाऊन बसणं, डबा एकत्र खाणं, घरी मोठ्यांना सांगणं, ग्रुपवर आलेल्या त्या स्टिकरला हसण्याची इमोजी न टाकणं. शेवटचं मुलांनीच सांगितलं. कुणीतरी वर्गातल्या मुलाच्या फोटोचं स्टिकर बनवतं आणि मग ते तीन-चार ग्रुपवर फिरतं, त्यावर कोण हसलं आणि कोणी नुसतंच बघितलं हे सगळ्यांना माहिती असतं.

मोठ्यांनीही यात उभं राहायला हवं म्हणून पालकांच्या बैठकीत मी 1985-86 ची तोक्योमधल्या नाकानो भागातली घटना सांगते, ती कादंबरी नाही, खरी आहे. एका शाळेतल्या मुलांनी वर्गातल्या जिवंत मुलाचा खोटा अंत्यविधी केला, श्रद्धांजलीच्या कार्डावर सह्या घेतल्या, आणि त्यात काही शिक्षकांच्याही सह्या होत्या. नंतर त्या मुलाने जीव दिला. शिक्षकांना तो खेळ वाटला होता. हे मुलांसमोर सांगायची गरज नाही, पण पालकांनी हे ऐकल्यावर 'आमच्या वेळी पण चिडवायचे, काय झालं' हे वाक्य बंद होतं.

माफी

इशिदा मोठा होतो, खरंच पस्तावतो, यंत्रांचे आईने भरलेले 17 लाख येन काम करून परत करतो, निशिमियाला शोधून काढतो. बघणाऱ्याचा जीव त्याच्यात अडकतो. इथे मुलांना विचारा: गोष्ट कुणाची आहे? जिला त्रास झाला ती आणि ज्याने दिला तो, कॅमेरा कुणासोबत जास्त वेळ आहे? निशिमिया सारखी स्वतःच सॉरी म्हणत राहते, तिला राग का येत नाही? एक मुलगा म्हणाला ती चांगली आहे म्हणून. दुसरी म्हणाली नाही, तिला लहानपणापासून शिकवलंय की तू आलीस की लोकांची अडचण होते. या दोन वाक्यांमधलं अंतर फार मोठं आहे आणि ते मुलांच्या तोंडून आलं की जास्त पोचतं.

पस्तावा झाला म्हणजे समोरच्याने माफ केलंच पाहिजे असं नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या शाळांमध्ये दोघांना उभं करून 'सॉरी बोल, शेकहँड करा, झालं' असं जे करतात त्यात ज्याला मार बसला त्याच्यावर दुसरं ओझं टाकलं जातं, आता तुला विसरायचंय. मुलांना हे विचारायची मुभा द्या की निशिमियाने माफ केलं नसतं तर सिनेमा आपल्याला आवडला असता का.

हेवन: इथे वेळ काढा

बाकी पुस्तकं एका-दोन रविवारी होतात, हेवनला मी महिना देते. जपानमध्ये 2009 साली आली, सॅम बेट आणि डेव्हिड बॉइड यांचं इंग्रजी भाषांतर 2021 चं, आणि 2022 च्या इंटरनॅशनल बुकरच्या अंतिम यादीत होती, गीतांजली श्रींच्या 'रेत समाधी'च्या भाषांतराला जे बक्षीस मिळालं तेच वर्ष. सांगणारा 14 वर्षांचा मुलगा आहे, त्याचं नाव कळत नाही, एका डोळ्यात तिरळेपणा आहे आणि निनोमिया नावाच्या हुशार, देखण्या, सगळ्यांच्या लाडक्या मुलाची टोळी त्याला मारते. त्याच वर्गात कोजिमा आहे, कळकट कपडे, न विंचरलेले केस, मुली तिला छळतात. ती त्याला चिठ्ठ्या पाठवते आणि दोघांची मैत्री होते.

कोजिमाचं म्हणणं नीट समजून घ्या. तिची आई वडिलांना सोडून पैसेवाल्या माणसाकडे गेली आहे आणि कोजिमा मुद्दाम कळकट राहते, गरीब वडिलांची आठवण म्हणून. हे सोसण्याला अर्थ आहे, आपण दुबळे दिसतो पण आपणच खरे बळकट, एक दिवस हे सगळं कुणालातरी कळेल असं तिला मनापासून वाटतं, आणि सांगणाऱ्या मुलाचा डोळासुद्धा तशीच एक खूण आहे असं ती त्याला सांगते.

मराठी घरातल्या मुलाला हे ओळखीचं वाटतं. सोसणाऱ्याला मोठं म्हणायची आपली जुनी सवय आहे. आमच्यात कुणीतरी एकनाथांची गोष्ट काढली, गोदावरीवर स्नान करून आले की एक माणूस अंगावर थुंकतो आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला जातात, रागावत नाहीत, शेवटी तोच पाय धरतो. मग कोजिमा बरोबर नाही का? या प्रश्नावर घाई करू नका, तो खरोखर अवघड आहे. आमच्याकडे जे हळूहळू निघालं ते असं, नाथ मोठे होते, त्यांना लोक मानत होते, दुसऱ्या घाटाने जायची मोकळीक त्यांना होती आणि तरी त्यांनी तोच घाट निवडला. कोजिमाला दुसरा घाटच नाही. जिथे सुटकेचा रस्ता नाही तिथे सोसण्याला मोठेपणा देणं म्हणजे मुलीला तिथेच अडकवणं. पण एका मुलीचं याला उत्तर होतं, की तिच्याकडे दुसरं काहीच नसताना तुम्ही तिचा तो अर्थही काढून घेतला तर तिच्याकडे काय उरलं? मी अजून त्यावर विचार करते.

मग येतो मोमोसे. टोळीतलाच, पण स्वतः फार हात न लावणारा, कंटाळल्यासारखा बघत उभा राहणारा. हॉस्पिटलच्या आवारात सांगणारा मुलगा त्याला एकटं गाठतो आणि पहिल्यांदा तोंड उघडून विचारतो, हे का करता, कुणाला असं करायचा हक्क नाही. मोमोसेचं उत्तर साधारण असं, की तुझ्या डोळ्याशी याचा काही संबंध नाही, तू होतास म्हणून तू, आम्ही करू शकतो म्हणून करतो, तू करू शकत नाहीस म्हणून करत नाहीस, त्याला काही अर्थबिर्थ नाही. समीक्षक इथे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं नाव घेतात, मुलांसमोर ते नाव घ्यायची गरज नाही.

हा भाग दोघांनी मोठ्याने वाचायचा, एकाने मोमोसे, एकाने सांगणारा, आणि मग अदलाबदल करायची, हे नक्की करा. मोमोसे वाचणारा सुरुवातीला मजेत असतो, खलनायकाचा आवाज काढतो, त्याला सांगा की नाही, तो शांत आहे, तू शांतपणे वाच. शांतपणे वाचलं की खोली गार पडते. मोमोसेला लगेच हरवायला जाऊ नका. पालकांना तर फारच घाई असते, लगेच कर्म, वर बसलेला बघतो, पुढे त्याला भोगावं लागेल असं सुरू होतं. पुस्तकात त्याला भोगावं लागत नाही. मुलांना विचारा की त्याच्या बोलण्यातला खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, दोन वेगळ्या कागदांवर लिहा.

नववीतल्या एका मुलाने लिहिलं, खरं: डोळ्यामुळे नाही, डोळा नसता तर दुसरं काहीतरी सापडलं असतं. आणि त्याखाली बारीक अक्षरात, म्हणजे माझी चूक नाही. त्याला या वाक्यातून काय मिळालं ते मी विचारलं नाही. मोमोसे क्रूर आहे पण त्याच्या तोंडून एक गोष्ट निघते जी वर्गातल्या त्या मुलाला आजवर कुणी सांगितलेली नसते, की तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाही. खोट्याच्या कागदावर मात्र एकीने लिहिलं होतं, 'करू शकतो म्हणून' असं म्हणणारा एकटा असताना कधी करत नाही, नेहमी टोळीत करतो, मग तो म्हणतो तेवढा मोकळा नाहीये. माझ्या मते मोमोसेला दिलेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर आहे आणि ते दहावीतल्या मुलीने दिलं.

आता डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर सांगतात की तिरळेपणा साध्या ऑपरेशनने जाऊ शकतो, खर्च 15,000 येन. एवढं सोपं होतं! कोजिमाला हे कळतं तेव्हा तिला विश्वासघात वाटतो. त्याने करावं की नाही? त्रास टाळायला स्वतःला बदलणं म्हणजे त्रास देणाऱ्याचं खरं करणं का? इथे मुलांना पुस्तक सोडून आपल्या भागाकडे बघू द्या. मराठी शाळेतून इंग्लिश मीडियमला आलेलं मूल 'न' आणि 'ण' वरून टोमणे ऐकतं, मग सहा महिन्यांत घरीसुद्धा वेगळं बोलायला लागतं. टॉवरमधली आणि मागच्या चाळीतली मुलं एकाच वर्गात असतात आणि बस कुठल्या स्टॉपवर थांबते यावरून कोण कुठला ते कळतं, म्हणून एक मुलगा रोज एक स्टॉप पुढे उतरून मागे चालत येतो. रंगावरून, जाडेपणावरून, आडनावावरून. आडनावावरून काय चालतं ते मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं, तो विषय निघाला तर दाबू नका. चष्मा, केस, बोली बदलता येते, जात बदलता येत नाही, मग 'स्वतःला थोडं बदल' हा सल्ला कुणाला देता येतो आणि कुणाला नाही हे तिथे लख्ख दिसतं. ऑपरेशनचं शेवटी काय होतं ते सांगत नाही, वाचा.

कन्फेशन्स आणि वर्गाचा न्याय

यावर थोडक्यात. 2008 ची कादंबरी, 2010 मध्ये तेत्सुया नाकाशिमांनी सिनेमा केला. शिक्षिकेची चार वर्षांची मुलगी तिच्याच वर्गातल्या दोन 13 वर्षांच्या मुलांमुळे मरते, आणि जपानमध्ये 14 च्या खाली फौजदारी शिक्षा होत नाही म्हणून ती स्वतःचा सूड आखते. सूड बरोबर की चूक यावर मुलं आपोआप बोलतील. तुम्ही लक्ष द्यायचंय ते त्याच्या बाजूला जे घडतं त्यावर: वर्ग त्या दोघांपैकी एकाला छळायला लागतो, छळण्याचे गुण ठेवतो, आणि सगळ्यांना वाटतं आपण न्याय करतोय. गुन्हा खरा, गुन्हेगार खरा, मग हा छळ चालेल का? एखाद्याने खरंच वाईट केलं म्हणून त्याचा नंबर आणि पत्ता ग्रुपवर टाकणारे, आईबापाला शिव्या देणारे, हे त्या वर्गापेक्षा वेगळे कसे?

कायद्याची तुलना विचारतातच. आपल्याकडे 7 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही, 7 ते 12 मध्ये त्याला समज होती का ते बघतात, 18 खालच्यांसाठी बाल न्याय कायदा आहे आणि 2015 च्या कायद्यानुसार 16 ते 18 मधल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही ते बाल न्याय मंडळ आधी तपासतं. एवढं सांगून पुढे जा, नाहीतर सगळा रविवार वयाच्या आकड्यांत जातो.

पालकांसाठी 'लोनली कॅसल'

2017 ची, 2018 चं होन्या ताइशो मिळालं, ते बक्षीस पुस्तकांच्या दुकानात काम करणारी माणसं मतं देऊन ठरवतात. कोकोरो नावाची मुलगी शाळेत जाणं बंद करते, घरात बसून असते, आणि एक दिवस आरसा उजळतो आणि त्यातून ती एका वाड्यात पोचते, तिथे तिच्यासारखी अजून सहा मुलं. वाडा सकाळी 9 ते संध्याकाळी 5, म्हणजे साधारण शाळेच्याच वेळात उघडा.

पालकांना जादूचा भाग कमी आणि आईचा भाग जास्त वाचायला लावा. कोकोरोला कुणी मारलेलं नाही. वर्गातल्या मुली घरापर्यंत आल्या, बाहेर ओरडल्या, दार वाजवलं, ती आत लपून बसली, बस. मोठ्यांच्या हिशेबात 'काहीच झालं नाही'. आणि वर्गशिक्षक येऊन सांगतो की त्यातल्या मुख्य मुलीलाही वाईट वाटतंय, तिची बाजूही समजून घे. आमच्या पालकगटात इथे कुणीतरी म्हणालं की टाळी एका हाताने वाजत नाही, आणि त्याच वाक्यावर आम्ही तो रविवार घालवला, कारण हे वाक्य ऐकल्यावर मूल पुन्हा तुमच्याकडे येत नाही. पर्यायी शाळेतल्या किताजिमा बाई मात्र कोकोरोला सांगतात की तू रोज लढतेयस. घरी बसलेल्या मुलीला, जी दुपारी पडद्याआड टीव्ही बघते! पालकांना विचारा, हे वाक्य आपल्याला सुचलं असतं का.

मूल स्वतःचं सांगायला लागलं तर

हे होणार, तयारी ठेवा. तेव्हा पुस्तक मिटा. सगळ्यांसमोर खोलात जाऊ देऊ नका, 'आपण नंतर दोघं बोलूया' म्हणा आणि त्याच दिवशी बोला, पुढच्या रविवारवर टाकू नका. 'तू काय केलं होतंस' हा पहिला प्रश्न नको. कुणाला सांगायचं हे त्याच्याशी बोलून ठरवा, पण जिवाचा धोका वाटला तर गुप्त ठेवायचं वचन देऊ नका. शाळेशी बोलायचं तर तोंडी नाही, लेखी अर्ज द्या, तारीख घालून, स्क्रीनशॉट जोडून, पोच घ्या. त्रास शिक्षकाकडूनच होत असेल तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मुलांना मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, ते अर्जात लिहा. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, दोन्ही नंबर आम्ही भिंतीवर लावलेत, दाराच्या आतल्या बाजूला, जेणेकरून बघताना कुणी बघणार नाही.

आणि कुणालाही 'तू यातला कोण' असं विचारायचं नाही. मुलं स्वतःच मनात ते ठरवत असतात. आज ज्याच्यावर हसतात तो मागच्या वर्षी दुसऱ्यावर हसत होता, हे त्यांना ठाऊक असतं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत तर खोटं उत्तर मिळेल, वर तो मुलगा पुढच्या वेळी येणार नाही.

कागद, चार्ट, चिठ्ठ्या जे काही मुलं लिहितात ते गटातच ठेवा. कपाटाला कुलूप लावा, फोटो काढू नका, पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, 'बघा किती छान लिहिलंय' म्हणूनही नाही. आमच्याकडे आई-बाबा विचारतात, आमची काय म्हणाली, आमचा काय म्हणाला. मी त्यांना पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक सांगते, तुम्ही पण वाचा आणि तिलाच विचारा.